हातात दोनच पत्ते

सकाळचा चहा संपला की बाबा कपबशी भिंतीकडे सारायचे, खिशातून दोन पत्ते काढून फरशीवर पालथे ठेवायचे आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने त्यांचे कोपरे तेवढे उचलून बघायचे. पत्ते कुठले आहेत हे त्यांना माहीत असायचं, त्यांनीच ते ठेवलेले असायचे. बघायचं असायचं ते अंगठ्याला जमतंय का, एवढंच. जमलं की पत्ते खिशात, डबा पिशवीत, आणि पावणेसहाला ते मॅगझिन चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभे.

त्या हाताला अंगठा आणि करंगळी होती. मधली तीन बोटं महाळुंग्याच्या कारखान्यात प्रेसखाली गेली होती. शनिवार होता, पहिल्या शिफ्टचा शेवटचा तास. प्रेसच्या तोंडावरचं जाळीचं गार्ड आधीपासून उघडं होतं की बाबांनी उघडलं, यावर कंपनीत दोन मतं होती. बाबा त्यावर कधी बोलले नाहीत. दवाखान्यात आईने विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की पीस बरोबर पडला होता.

त्यांचं नाव सयाजी. लातूरकडून आलेले. लग्न दिघीत येऊन झालं, मी दिघीत जन्मले, आणि त्या एका कारखान्यात त्यांची एकोणीस वर्षं गेली. गाडीच्या सीटखाली कुठेतरी बसतात असे लोखंडी तुकडे ते कापायचे. रस्त्याने एखादी गाडी गेली की म्हणायचे, हिच्यात माझे चार पीस हायेत.

पाच महिन्यांनी हात बरा झाला तेव्हा कंपनीने त्यांना एक कागद दिला. तीन महिने हलकं काम, त्यानंतर कंपनी विचार करील. तो कागद मीच वाचून दाखवला. 'विचार करील' या शब्दांवर बाबांनी बोट ठेवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचल्यावरही त्यात वेगळं काही निघालं नाही. घरात त्या दिवसापासून सगळं त्या तीन महिन्यांच्या हिशेबाने चालू लागलं. आईने गावाकडच्या लग्नाला जायचं ठरवणं पुढे ढकललं. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरून ठेवला, पण दिला नाही.

हलकं काम म्हणजे स्टोअरमध्ये बसून वॉशर निवडायचे. लोखंडाच्या चकत्या, मध्ये भोक. भोकात गेज, म्हणजे मापाची सळई, घालून बघायचं. गेला तर चांगला, अडला तर लाल पेटीत. लाल पेटीतला माल भंगारात जायचा. दिवसभर बाबा एका स्टुलावर बसून हे करायचे आणि प्रेसचा आवाज भिंतीपलीकडून यायचा.

पण त्यांना जास्त लागलं ते बसमधलं. बसच्या शेवटच्या बाकावर अकरा वर्षं मेंढीकोट चालायचा. दोघे बाकावर, दोघे पुढच्या सीटवर उलटे बसलेले, आणि मध्ये गुडघ्यांवर खोक्याचा पुठ्ठा. चाकणच्या चौकात गाडी तास-तास हलत नाही, त्यामुळे डावाला वेळच वेळ. बाबा आणि कुरुळीचे दत्तोबा हे कायमचे जोडीदार. दत्तोबांची शेती होती, निम्मी रस्त्यात गेलेली, आणि ते कारखान्यात जणू शेतीला जोडधंदा म्हणून यायचे. समोर भोसरीचे मुरारीकाका आणि कुणी ना कुणी चौथा. मेंढीकोटात एकेकाला तेरा पत्ते येतात. ते पंख्यासारखे धरायला डावा हात लागतो.

बरे होऊन परत गेले त्या दिवशी बाबा शेवटच्या बाकापर्यंत गेलेच नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, हात खिशात घालून. दत्तोबांनी मागून हाक मारली. बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. असे तीन आठवडे गेले. घरी येऊन ते जेवायचे, भिंतीला टेकून बसायचे. आईने विचारलं की आज काय झालं, तर म्हणायचे, काही न्हाई, गाडी वेळेवर होती.

त्यांच्या जागेवर रणजीत नावाचा मुलगा बसू लागला होता. कोल्हापूरकडचा, क्वालिटी खात्यात ट्रेनी, अजून कायम न झालेला. पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं की त्याला त्या जागेवर बसवत नव्हतं. सीट अजून दुसऱ्याची आहे असं वाटायचं. एका सकाळी तो उठून पुढे बाबांच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊ, एक खेळ आहे. त्यात तेरा पत्ते नाहीत. हातात दोनच. बाकीचे पाच मध्ये, सगळ्यांचे मिळून."

बाबा म्हणाले, "दोन?"

"दोन. आणि तेही धरावे लागत नाहीत. पालथे ठेवायचे, कोपरा उचलून बघायचे."

त्या संध्याकाळी बाबा रणजीतने पाठवलेली एक फाइल घेऊन माझ्यासमोर बसले. होल्डेम पोकरचे नियम, इंग्रजीत, सतरा पानं. "माय, हे जरा सांग बरं," ते म्हणाले. अपघातानंतर त्यांनी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी पुस्तकं बाजूला ठेवली.

नियम फार नाहीत. प्रत्येकाला दोन पत्ते, पालथे, मग पहिली बोली. मध्ये तीन पत्ते उताणे मांडायचे, पुन्हा बोली. चौथा पत्ता, बोली. पाचवा, आणि शेवटची बोली. आपले दोन आणि मधले पाच, या सातांतून ज्याचे पाच सरस जमतील त्याचा डाव. बोलीच्या वेळी कुणी लावलं नसेल तर पुठ्ठ्यावर टकटक करून नुसतं पुढे जाता येतं. कुणी लावलं असेल तर तेवढंच लावायचं, किंवा वाढवायचं, किंवा पत्ते टाकून गप्प बसायचं. आणि दर डावाला आळीपाळीने दोघांनी, पत्ते बघायच्या आधीच, थोडं लावलंच पाहिजे.

"न बघता?"

"हो. आपली पाळी आली की लावावंच लागतं."

हा नियम बाबांना सगळ्यांत लवकर पटला.

अडलं ते दुसरीकडे. गावाकडे दिवाळीत ते तीन पत्ती खेळत मोठे झाले होते. तीन पत्तीत ओळीने लागलेले पत्ते एका रंगाच्या पत्त्यांपेक्षा मोठे. होल्डेममध्ये उलटं. पाच पत्ते एका रंगाचे, नुसतेच बदाम किंवा नुसतेच इस्पिक, ते ओळीने लागलेल्या पाचांना मारतात. तुरीची डाळ लावून आम्ही खेळायला बसलो की बाबा सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम असं मांडायचे आणि मधली डाळ ओढायला हात पुढे करायचे. मी माझे पाच बदाम दाखवायचे. त्यांचा हात तिथेच थांबायचा.

"पण ही ओळ हाय," ते म्हणायचे. "एकापाठी एक. ही लागायला अवघड."

मी सांगायचे की या खेळात रंग मोठा. कुणीतरी हिशेब करून ठरवलंय.

आई भाकरी थापता थापता म्हणाली, "बोटं गेली तरी पत्ते सुटंनात या माणसाचे." पण ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

लाल पेटीला बांधतात तसला एक कोरा टॅग बाबांच्या खिशात निघाला. त्याच्या मागे मी सगळा क्रम लिहून दिला, जोडीपासून वरपर्यंत, आणि रंग ओळीच्या वर, त्याखाली दोन रेघा. तो टॅग त्यांनी डब्याच्या पिशवीत ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा संपल्यावर, पहिल्यांदा दोन पत्ते फरशीवर ठेवले.

बसमध्ये दत्तोबांनी आधी कुरकुर केली. हे शहरी खूळ हाय, म्हणाले, आमी मेंढीकोट सोडून कशाला हे शिकायचं. पण बाबा मागच्या बाकावर येऊन बसलेत हे बघून त्यांनी पुढे वाद घातला नाही. पहिल्या डावात मधले तीन पत्ते मांडल्यावर कुणीच काही लावलं नाही. बाबांनी खिशातून डावा हात काढला आणि पुठ्ठ्यावर दोनदा टकटक केली. चारचौघांत त्यांनी तो हात पहिल्यांदाच बाहेर काढला होता. मुरारीकाका सांगतात, आम्ही सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

प्रश्न होता लावायचं काय. पैशाचा खेळ दिसला तर गाडी थांबवीन, असं ड्रायव्हरने बजावलेलं. चिंचोके आणले तर ते ब्रेक लागला की सीटखाली पसरायचे. शेंगदाणे दत्तोबा खाऊन टाकायचे. हरले की तर हमखास. तेव्हा बाबांनी वॉशर आणले. लाल पेटीतले. लहान म्हणजे एक, मधला म्हणजे पाच, मोठा म्हणजे पंचवीस. जड असल्याने जागचे हलत नाहीत, हातात घेतले की बरे वाटतात. रोज थोडेथोडे, डब्याच्या खालच्या पुडात. एका जुन्या पायमोज्यात भरून ते बाकाखालच्या पत्र्यामागे ठेवायचे.

एकोणीस वर्षांत बाबांनी कंपनीतून एक स्क्रू घरी आणला नव्हता. आईने एकदा शिलाई मशीनसाठी एक बोल्ट मागितला, तर त्यांनी तो बाजारातून विकत आणला. पण नापास पीस त्यांच्या लेखी मालच नव्हता. ज्याच्यात गेज अडतो ती वस्तू झालीच नाही, असं ते मानायचे. त्यांच्या हाताखालून दिवसाला शेकडो जायचे. आम्हाला कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मलाही नाही. मी एकदा एक वॉशर दोऱ्यात ओवून वहीला खूण म्हणून लावला होता.

खेळात ते फार जिंकायचे नाहीत. रणजीत म्हणायचा, नियम भाऊंना सगळ्यांत पक्के येतात, बोली येत नाही. पत्ते चांगले असले तरच ते लावायचे. नसले की टाकून द्यायचे. त्यामुळे त्यांनी मोठा वॉशर पुढे केला की बाकीचे लगेच पत्ते टाकायचे आणि त्यांना मधले चार-दोनच मिळायचे. रणजीतने समजावलं की हातात काही नसतानाही लावता येतं, समोरच्याला वाटलं पाहिजे की आहे. त्यात खोटं काही नाही, तो नियमच आहे. बाबांनी घरी येऊन मला विचारलं, खरंच असं चालतं का. मी म्हटलं, चालतं. फाइलमध्ये त्यावर अडीच पानं होती. मी ती वाचून दाखवली.

तीन महिने संपायला बारा दिवस उरले होते. स्टोअरच्या साहेबांनी बाबांच्या कामाबद्दल चांगलं लिहून वर पाठवलंय, असं कानावर आलं होतं. आईने लग्नाला जायचं पुन्हा बोलून दाखवलं.

त्या दुपारी शिफ्ट सुटली आणि कंपनीच्या गेटमध्येच एक कंटेनर बंद पडला. बस आत अडकली. त्यांचा रिवाज होता की गेट ओलांडल्याशिवाय पुठ्ठा काढायचा नाही. पण अर्धा तास झाला, गाडी हलेना. दत्तोबा म्हणाले, "काढ की रं, किती वेळ एकमेकांची तोंडं बघायची?" बाबांनी पायमोजा काढला.

त्या दिवशी दत्तोबा जोरात होते. मुरारीकाकांचे वॉशर संपले, रणजीतचे संपत आले. शेवटच्या डावात मध्ये इस्पिकची राणी, इस्पिकचा गुलाम, चौकटची दश्शी, मग इस्पिकची चौकी आली. पाचवी किलवरची तिर्री. दत्तोबांच्या हातात राजा आणि नव्वी होती. ओळ पुरी. त्यांनी मोठा ढीग पुढे केला. बाबांनी अंगठ्याने पत्त्यांचे कोपरे उचलून बघितले, खाली ठेवले, आणि आपल्यासमोरचे होते नव्हते ते सगळे वॉशर डाव्या हाताच्या कडेने मध्ये सारले.

दत्तोबा बराच वेळ मधल्या तीन इस्पिकांकडे बघत राहिले. सयाजीकडे दोन इस्पिक असणार, रंग झाला असणार. रंग ओळीपेक्षा मोठा, हे आता त्यांनाही पाठ झालं होतं. त्यांनी पत्ते टाकले.

बाबांनी आपले पत्ते उताणे केले. बदामची सत्ती आणि किलवरची दुर्री. काहीच नाही. रणजीत सीटवर उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली. मुरारीकाका सांगतात, सयाजी इतका हसला की त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. दत्तोबांनी त्याला एक गावरान शिवी दिली आणि तेही हसू लागले.

तेवढ्यात सिक्युरिटीचे दोघे बसमध्ये चढले. नापास पीस बाहेर जातात आणि बाजारात चांगले म्हणून विकले जातात, अशी गाडीवाल्या कंपनीची तक्रार आली होती. त्या आठवड्यापासून गेटवर थांबलेली प्रत्येक गाडी तपासत होते. ते मागे आले. पुठ्ठ्यावर बाबांसमोर वॉशरचा ढीग होता. दत्तोबांसमोर चार-पाच उरले होते.

"हे कुणाचे?"

मग दत्तोबांनी आपल्यासमोरचे ते चार-पाच वॉशर कोपराने हळूच बाबांच्या ढिगाकडे सरकवले. बाबांनी ते सरकताना बघितलं.

"माझेच," ते म्हणाले. "मीच आणलेत."

वॉशरांचं वजन झालं. आठशे ग्रॅम. पंचनाम्यावर बाबांनी उजव्या हाताने सही केली. चौकशी तीन वेळा बसली. मुरारीकाका घरी येऊन सांगून गेले की साहेबाने खेळायला दिले म्हणावं, नाहीतर बाकाखाली सापडले म्हणावं, कुणी बघितलंय? मीही तेच म्हटलं. मीच त्यांना अडीच पानं वाचून दाखवली होती.

बाबा म्हणाले, "समोरच्याला माझे पत्ते दिसायलेत, माय. मग कसली बोली?"

ते चौकशीला धुतलेला शर्ट घालून गेले. तिथे त्यांनी सगळं होतं तसं सांगितलं, फक्त बाकी तिघांची नावं घेतली नाहीत. रणजीत कायम व्हायचा होता. मुरारीकाकांचं कर्ज होतं. कंपनीने पोलिसांत न देण्याची मेहरबानी केली आणि राजीनामा लिहून घेतला. हाताबद्दलची फाइल त्याबरोबरच बंद झाली. 'विचार करील'चा विचार करायची गरज आता कुणाला उरली नव्हती. घरी आल्यावर बाबांनी डब्याच्या पिशवीतून तो टॅग काढला, मी मारलेल्या दोन रेघा बघितल्या आणि म्हणाले, "मला वाटलं, एकोणीस वर्षं मोठी धरतील."

आईने डबा घासायला घेतला. त्याचं खालचं पूड ती कितीतरी वेळ घासत होती.

महिनाभराने दत्तोबा आले. पिशवीत कांदे होते, वर मेथीची जुडी. चहा गार होईपर्यंत बसून राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, चार वॉशर तर हायेत. दम देऊन सोडतील."

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, "तुझी ओळ लागली हुती ना? राजा-नव्वी?"

"व्हय."

"मग टाकलीस कशाला?"

दत्तोबांनी पिशवीची घडी केली, पुन्हा उलगडली. "तू कधी नसताना लावत न्हाईस म्हणून," ते म्हणाले.

ते परत आले नाहीत. बसमध्ये त्यांनी पत्ते सोडले, असं रणजीतकडून कळलं. पुढे रणजीतही कायम झाला आणि मोटारसायकलने जाऊ लागला.

बाबांना तळवड्यात एका गोदामाच्या गेटवर बसायचं काम मिळालं. सकाळी नऊला. तरी ते पाचलाच उठायचे. चहा प्यायचे. दोन पत्ते फरशीवर ठेवायचे, कोपरे उचलायचे, आणि तसेच बसून राहायचे. पावणेसहाला मॅगझिन चौकातून बसचा हॉर्न ऐकू यायचा. तो ऐकला की पत्ते खिशात जायचे. मी एम.ए.चं दुसरं वर्ष पुरं केलं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. वहीला बांधलेला तो वॉशर मी एकदा फेकून द्यायला बाहेर नेला आणि परत आणला.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, गोदामाच्या गेटवर खुर्चीत बसल्या जागी बाबा गेले. ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि गेट उघडलं नाही, म्हणून लोकांना कळलं. त्यांच्या खिशातले दोन पत्ते दवाखान्यातल्या नर्सने घड्याळाबरोबर आईच्या हातात दिले.

त्या सकाळी ते नेहमीसारखेच उठले होते. चहा झाला होता, कपबशी भिंतीकडे होती, पत्ते फरशीवर. मी दारात केस विंचरत होते. हॉर्न वाजला तसं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आज गाडी पाच मिनिटं लेट हाय," ते म्हणाले.